जगायचे नियम घरच्या घरी कसे काढायचे, एका गेजवाल्याची पद्धत

आधीच सांगून टाकतो, मी कीर्तनकार नाही आणि लाईफ कोच वगैरे तर अजिबात नाही. भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला आहे, बावीस वर्षं झाली, राहायला मोशीत. दिवसभराचं काम काय तर मशीनवरून आलेला जॉब (म्हणजे तयार झालेला पार्ट) हातात घ्यायचा, गेज म्हणजे माप तपासायचं साधन लावायचं, ओके असेल तर हिरव्या ट्रेत नाहीतर लाल ट्रेत. मधे काही वर्षं माझं स्वतःचंच डोकं लाल ट्रेत जाऊन पडलं होतं आणि त्यातून बाहेर येताना जे काय केलं ते दोन-तीन मित्र सारखे विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

विषय असा की चांगलं जगायचं म्हणजे नक्की कशाच्या आधारावर जगायचं आणि तो आधार आणायचा कुठून. सकाळी सहा वाजता फॅमिली ग्रुपवर सूर्य, गुलाबाचं फूल आणि दोन ओळी येतातच. सदैव आनंदी रहा. माणसं जपा. वेळ अनमोल आहे. खोटं त्यात काहीच नाही हो. पण "माणसं जपा" ह्या वाक्याने तुम्हाला आजपर्यंत कधी एखादी गोष्ट करताना हात धरून थांबवलंय का? मला तरी नाही.

आमच्याकडे भोक तपासायला प्लग गेज असतं. मधे धरायला दांडी, एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो. गो आत गेलं पाहिजे आणि नो-गो आत जाता कामा नये, एवढाच सगळा खेळ. गो गेलं नाही म्हणजे भोक लहान राहिलंय, परत मशीनवर चढवा, रिवर्क होतं. नो-गो आत गेलं की संपलं, भोक मोठं झालं, मोठं झालेलं भोक कुणाच्या बापाला लहान करता येत नाही, माल भंगारात. (बोलून गेलेल्या शब्दाचं पण असंच आहे, पण ते राहू दे.) आता हे सुविचार म्हणजे असं गेज आहे की ज्याने आजवर एकही जॉब रिजेक्ट केलेला नाही. आमच्या शॉपवर असं गेज सापडलं तर जॉब बाजूला राहतात आणि पहिलं ते गेज उचलून टूलरूमला, म्हणजे हत्यारं-गेज सांभाळतात तिथे, पाठवतात.

तर आपल्याला नो-गो असलेले नियम पाहिजेत. चार-पाच पुरे होतात. ते कसे काढायचे ते सांगतो.

सुरुवात लाल ट्रेपासून करा

लोक सुरुवातच चुकीच्या टोकाने करतात, म्हणजे एक जानेवारीला नवी डायरी घेतात आणि "मला कसं व्हायचंय" ते लिहितात. मग त्यात प्रामाणिक, शांत, फिट, सगळंच येतं आणि पंधरा जानेवारीला डायरीत वाण्याचा हिशोब सुरू होतो. माझं ऐका, चाळीस रुपयाची साधी वही घ्या आणि आयुष्यातले तीन रिजेक्ट झालेले जॉब लिहा. म्हणजे असे तीन प्रसंग की जे रात्री आठवले की आपण कूस बदलतो. दुसऱ्याने आपलं काय केलं ते लिहायचं नाही, त्याला वही पुरायची नाही. आपण काय केलं तेवढंच लिहायचं, तारखेसकट, जागेसकट.

माझा एक सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, कंपनी दुसरी होती, नाव घेत नाही. मार्च एंड, चारशे बुशचा (मधे भोक असलेले गोल पार्ट) लॉट, गाडी गेटवर लागलेली. मी दहा पीस उचलून गेज लावलं तर दोनमध्ये नो-गो सरळ आत गेलं. दहात दोन म्हणजे लॉट थांबवायचाच, ह्यात विचार करण्यासारखं काही नाहीच. पण वरचे साहेब येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, जाऊ दे रे, त्यांची लाईन थांबेल, बघून घेऊ. आणि मी सही केली. बारा दिवसांनी कंप्लेंट आली, मीटिंग झाली आणि मीटिंगमध्ये नाव कुणाचं आलं तर मशीनवरच्या पोराचं. कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा, लातूरकडचा, वय तेवीस असेल. ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती, त्याने बघितला नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद. मी त्या मीटिंगमध्ये टेबलाच्या ह्या बाजूला बसलो होतो, समोर चहा होता, बिस्कीट होतं आणि मी काहीही बोललो नाही. बिस्कीट खाल्लं पण, हे मला आजही आठवतं.

असं लिहायचं, बिस्किटासकट. "मी कधीकधी भित्रेपणा करतो" असं गोल लिहिलंत तर त्यातून काहीही निघणार नाही.

मग पाच वेळा का विचारायचं

फॅक्टरीत काम करणाऱ्यांना फाइव्ह व्हाय माहीतच असेल, टोयोटावाल्यांकडून आलेली पद्धत आहे. डिफेक्ट आला की का म्हणून विचारायचं, उत्तर आलं की त्याला परत का, असं साधारण पाच वेळा, म्हणजे वरवरचं कारण सोडून मुळाशी जाता येतं. शॉपवर आपण हे शंभर वेळा करतो आणि स्वतःवर एकदाही करत नाही.

मी केलं. सही का केली? साहेब चिडले असते. चिडले असते तर काय? इन्क्रिमेंट त्यांच्याच हातात होतं. एका इन्क्रिमेंटने एवढं काय अडणार होतं? फ्लॅटचा हप्ता पगाराच्या निम्म्यावर गेला होता. एवढा हप्ता का घेतला? कारण टू बीएचके घेतला. वन बीएचकेत भागत होतं की? हो, पण साडूने वाकडला टू बीएचके घेतला होता.

हे शेवटचं उत्तर वहीत लिहिलं आणि मी अक्षरशः हसलो, एकटाच, किचनमध्ये. मला वाटलं होतं ह्यातून "नेहमी खरं बोलावं" असलं काहीतरी भारदस्त निघेल. निघालं ते हे, की हप्ते सगळे मिळून पगाराच्या तिसऱ्या हिस्स्यावर जाऊ द्यायचे नाहीत. माझा पहिला नियम तो आहे. ऐकायला अगदी बँकेच्या माणसाने सांगितल्यासारखा वाटतो, पण खरं बोलायची ताकद माझ्यात तरी तिथून येते. महिना निघतो की नाही ह्या काळजीत असलेला माणूस मीटिंगमध्ये किती तोंड उघडेल ते मी बघितलंय.

तुमचं मूळ वेगळं निघेल. एका मित्राचं प्रत्येक भांडणाचं मूळ रात्री एकपर्यंत रील्स बघणं निघालं, तर त्याचा नियम झोपेचा झाला. मोठं काहीतरी निघालं पाहिजे असा हट्ट धरू नका.

आता पुस्तकं, पण प्रश्न हातात घेऊन

ह्या क्रमाला महत्त्व आहे. प्रश्न हातात नसताना संतांकडे गेलं की सगळंच छान वाटतं आणि काहीच लागत नाही. माझ्या घरात दासबोध वडिलांच्या वेळपासून होता, लाल फडक्यात बांधलेला, दसऱ्याला हळदकुंकू मिळायचं आणि परत कपाटात. २० दशक, प्रत्येकात १० समास, म्हणजे २०० समास, कोण वाचणार. पण त्या मीटिंगनंतर कधीतरी उघडला आणि दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास बघितला, मूर्खलक्षण. समर्थांनी आधी मूर्ख कोण त्याची यादी दिलीय आणि उत्तम लक्षणं त्याच्या पुढच्या समासात. मला तर हे बघूनच बरं वाटलं, आधी नो-गो मग गो. त्यात एक ओवी आहे:

घरीं विवेक उमजे । आणि सभेमध्यें लाजे ।
शब्द बोलतां निर्बुजे । तो येक मूर्ख ॥

घरी सगळं कळतं आणि चार लोकांत तोंड उघडत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी माणूस लिहून गेलाय आणि माझा समोरच्या चहा-बिस्किटासकट फोटो काढून ठेवलाय. वही काढली आणि ती ओवी त्या प्रसंगाखाली लिहिली. तुम्ही पण असंच करा, आवडलेल्या ओळींचा वेगळा संग्रह करू नका, ओळ ज्या प्रसंगाला लागते त्याच्या खाली लिहायची. नाही लागली तर सोडून द्यायची, कितीही सुंदर असली तरी.

आणि हो, त्याच यादीत सासऱ्याच्या घरी राहणारा पण मूर्ख म्हटलाय. आम्ही लग्नानंतर दोन वर्षं सासरेबुवांच्या बिजलीनगरच्या घरात काढली, त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही, म्हणून ते माझ्यापुरतं बाद. कूळ न बघता मुलगी करणारा मूर्ख असंही आहे, ते तर बादच. सतराव्या शतकातला माणूस सतराव्या शतकात राहत होता, त्यात राग धरण्यासारखं किंवा मारून मुटकून समर्थन करण्यासारखं काही नाही. लागेल ते घ्यायचं, नाही ते ठेवून द्यायचं. पण ठेवून देताना एकदा बघा की खरंच कालबाह्य म्हणून ठेवताय की झोंबतंय म्हणून. दोन्हीत फरक आहे आणि तो आपला आपल्यालाच कळतो. त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची लक्षणं आहेत, म्हणजे शिकून सवरून मूर्ख, ती आमच्यासारख्या दोन पुस्तकं वाचून पोस्ट लिहिणाऱ्यांनी आधी वाचावीत.

दासबोध जड वाटला तर मनाचे श्लोक घ्या, २०५ आहेत, चाल आपोआप लागते, शाळेत पाठ केलेल्यांना अर्धे अजून येत असतील. रोज एक. "जगी सर्व सुखी असा कोण आहे" हा त्यातलाच अकरावा, आणि त्याची गंमत पुढच्या ओळीत आहे, "विचारी मना तूचि शोधोनि पाहे". उत्तर सांगत नाहीत, तूच शोध म्हणतात. मी एकदा खरंच शोधलं, कंपनीच्या बसमध्ये बसून एकेकाचा चेहरा बघत मनात यादी केली की ह्याचं सगळं बरं चाललंय. चिखली येईपर्यंत यादी रिकामी झाली, कारण प्रत्येकाचं काही ना काही मला माहीत होतं. साडूचं पण.

तुकोबांचा गाथा मात्र एका दमात वाचायला घेऊ नका, साडेचार हजाराच्या आसपास अभंग आहेत. आणि आधी आयुष्य माहीत करून घ्या मग अभंग, नाहीतर ते नुसतं गोड वाटत राहतं. घरात सावकारी, दुकान, महाजनकी, म्हणजे चांगलं खातंपितं घर. मग १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. आणि त्यानंतर, असं सांगतात की घरातली कर्जखतं काढून भावाशी वाटणी केली, भावाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि स्वतःचा अर्धा इंद्रायणीत सोडला. मला ह्यात सगळ्यात भारी काय वाटतं सांगू, भावाचा वाटा नाही बुडवला. स्वतःला वैराग्य आलं म्हणून भावाच्या हक्काचं पण पाण्यात, असं नाही केलं. आपल्याकडे एखाद्याला अध्यात्माचा झटका आला की पहिलं घरच्यांचं वाटोळं होतं, त्यांनी ही गोष्ट दिवसातून दोनदा वाचावी.

शक्य असेल तर भंडारा डोंगरावर जा, इंदुरीजवळ, तळेगाव-चाकण रस्त्याला, तुकोबा तिथे एकांतात बसायचे म्हणतात. मला मोशीतून बाईकने फार वेळ लागत नाही. एकादशी सोडून जा, शक्यतो सकाळी लवकर, गाथ्याची दोन पानं आणि वही घेऊन. वर बसलं की खाली चाकणचे पत्र्याचे शेड आणि इंद्रायणी एकाच नजरेत दिसतात. त्याच नदीवर आळंदीला पांढरा फेस तरंगताना टीव्हीवर सगळ्यांनी बघितलाय. फेस आभाळातून पडत नाही, आमच्यासारख्यांच्या वस्तीतून, नाल्यातून आणि कारखान्यांतूनच येतो, हे वर बसल्यावर जरा जास्त कळतं.

वाचायचा वेग किती ठेवायचा म्हणाल तर विनोबांचा ठेवा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं केली, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवार. साने गुरुजी तिथेच कैदेत होते, त्यांनी ती उतरवून घेतली म्हणून आज आपल्याला मिळतात. तुरुंगात वेळच वेळ, तरी आठवड्याला एकच अध्याय. आपण नोकरी करून रोज तीस पानं वाचायचं टार्गेट घेतो, कशाला?

म्हणी घेताना जपून

पुस्तक नको वाटत असेल तर आपल्या भाषेत म्हणी पडल्यात ढिगाने आणि त्यात शहाणपण आहेच. पण म्हणी म्हणजे टूलबॉक्समधला मिक्स माल आहे, बघून उचलायचा. काही म्हणी नियम असतात, अंथरूण पाहून पाय पसरावे (माझा पहिला नियम शेवटी हाच निघाला, फक्त आकडा घालून). काही म्हणी नुसतं जग कसं चालतं ते सांगतात, बळी तो कान पिळी, म्हणजे तुम्ही पिळा असं त्यात कुठं म्हटलंय, तरी लोक ती सल्ला म्हणून वापरतात. काही चक्क टोमणे आहेत, असेल हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण आळशाला हसण्यासाठी आहे आणि मी ती श्रद्धेचं उदाहरण म्हणून स्टेटसला लावलेली बघितलीय, काय बोलणार.

शिवाय म्हणी एकमेकींना छेद देतात. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात आणि चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला पण म्हणतात, म्हणजे थेंब साठवत बसायचं पण त्या साठवण्यावरच जास्त खर्च होत नाही ना ते बघायचं. ऐकावे जनाचे करावे मनाचे, ही तर माझ्या मते सगळ्यात जास्त गैरवापर झालेली म्हण आहे. लोक पहिले दोन शब्द गिळून टाकतात. त्यात ऐकायचं आहे हो आधी.

माणसांना विचारा, पण सार विचारू नका

हा भाग सगळ्यात कामाचा आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "आयुष्याचं सार सांगा" म्हटलं की ते पण घसा खाकरून व्हॉट्सअ‍ॅपवरचंच सांगतात, कारण प्रश्नच भाषणाचा आहे. बारीक प्रश्न विचारा. तुम्ही कुठली गोष्ट करायची सोडून दिलीत? भावाशी बोलणं बंद होतं ते परत कसं सुरू झालं, आधी कोण बोललं? कुठला पैसा खर्च केल्याचं वाईट वाटत नाही? आणि विचारताना त्यांच्या हाताला काहीतरी काम असू द्या, काम चालू असलं की माणूस तोलूनमापून बोलत नाही.

आमची आत्या माण तालुक्यात असते, ऐंशीच्या पुढं. गेल्या दिवाळीत ओसरीवर लसूण सोलत बसली होती, मी पण पाटावर बसून सोलायला लागलो. म्हटलं, आत्या, तुमचं आणि मामांचं भांडण व्हायचं का? तर म्हणाली, "व्हायचं की, लै व्हायचं." मग? "मग काय, आमच्या आईनं सांगितल्यालं, भांडान झालं तरी उपाशी न्हाई झोपायचं. उपाशी पोटी राग येतो त्यो आपला नसतूयाच, पोटाचा असतूया. जेवल्यावर जेवढा उरंल तेवढाच आपला." आणि परत लसूण. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच, "तू कवा जेवतूस रं भोसरीत?"

माझा तिसरा नियम तिथून आला. भांडणाचं बोलणं जेवल्यानंतर. घरात पण आणि शॉपवर पण, लंचच्या आधी मी कुणाशी वाद घालत नाही, लंचनंतर त्यातले निम्मे वाद घालावेसे वाटत नाहीत.

ज्यांच्या घरात अशी आत्या उरली नाही त्यांच्यासाठी एक सांगतो. जात्यावरच्या ओव्यांचा एक मोठा संग्रह आहे, गी पॉइटवां आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी गावोगाव फिरून केलेला, लाखावर ओव्या आहेत आणि पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) ह्या वेबसाईटवर त्यातल्या कितीतरी बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. पहाटे दळताना म्हटलेलं आहे, भाऊ, सासर, पाऊस, लेक, विठ्ठल सगळं त्यात येतं. कानात हेडफोन घालून कंपनीच्या बसमध्ये ऐका, पॉडकास्टपेक्षा बरं, माझं मत.

आणि आषाढात वारी तुमच्या गावावरून जात असेल तर एक दिवस चाला. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिला मुक्काम आमच्या इकडे आकुर्डीला असतो, रजा टाकून एवढं तरी करता येतं. वारकऱ्यांचे नियम बघा, गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपास, मांस-दारू नाही, हरिपाठ, वारी. मोजके आहेत आणि सगळे दिसणारे आहेत. पाळला की नाही हे शेजारच्याला पण कळतं. "मन शुद्ध ठेवीन" असा नियम त्यांनी दाराशी ठेवलाच नाही. आणि तिथे सत्तर वर्षांचा माणूस वीस वर्षांच्या पोराच्या पाया पडतो आणि दोघं एकमेकांना माऊली म्हणतात, हे एकदा अंगावर घेऊन बघा, क्वालिटी मॅनेजरला पण जमिनीवर आणतं.

बाबा-बुवांचं काय, हे पण लोक विचारतात. माझ्याकडे त्यासाठी एकच गेज आहे आणि ते गाडगेबाबांचं. १८७६ ते १९५६, शिक्षण नाही, गावात आले की आधी खराट्याने गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन, त्यात पण सांगायचे कमी आणि लोकांनाच प्रश्न जास्त विचारायचे, आणि शिष्य म्हणून कुणाला केलं नाही. तर जो माणूस तुम्हाला जगायचं कसं ते शिकवायला आलाय तो आधी झाडतो का, तुम्हाला प्रश्न विचारतो का, आणि शिष्य गोळा करतो का. तीन दिवसांच्या कोर्सची फी आधी ऑनलाईन भरा म्हणणाऱ्याला हे गेज लावून बघा.

नियम लिहायचा कसा

आकडा, वेळ नाहीतर जागा, ह्यातलं काहीतरी एक नियमात पाहिजेच. "रागावर ताबा ठेवीन" हे गेज नाही. "रागात टाईप केलेला मेसेज सकाळी वाचून मगच पाठवीन" हे गेज आहे, लागलं की नाही लगेच कळतं. "आईवडिलांची काळजी घेईन" नको, "रविवारी दहा वाजता आईला फोन, आणि फोनवर असताना टीव्ही बंद" हे ठीक. माझा दुसरा नियम असा आहे की माझ्या सहीच्या कामात चूक निघाली तर मीटिंगमध्ये पहिलं वाक्य माझं असेल. साधं आहे. पाळताना पोटात गोळा येतो, अजूनही येतो.

पाचाच्या वर जाऊ नका. पेन्सिलने लिहा. महिनाभर वहीच्या मागच्या पानावर पाळला की टिक, मोडला की फुली, कारणं लिहायची नाहीत, नुसती फुली. महिन्याच्या शेवटी सगळ्याच टिका असतील तर नियम फार सोपा आहे, तो नो-गो कुणाला अडवतच नाहीये, जरा आवळा. सगळ्या फुल्या असतील तर तुम्ही कुणा दुसऱ्याचा नियम उचललाय. आणि नियम कुणाला सांगत फिरू नका, स्टेटसला तर अजिबात नको, सांगितला की अर्धा पाळल्यासारखा वाटायला लागतो.

अजून एक, हे मजेत घेऊ नका. झोप आठवडे न आठवडे लागत नसेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील तर वहीबिही बाजूला ठेवायची आणि डॉक्टरकडे जायचं. मी पण गेलो होतो, चार महिने गोळ्या घेतल्या, वही त्यानंतरची आहे.

वर्षातून एकदा कॅलिब्रेशन

टूलरूमला आमचे एक काका होते, आता रिटायर झाले, गेज हातात घेतल्यावर नुसत्या बोटाने सांगायचे की हे गेलंय. एकदा मी म्हटलं, काका, कालपर्यंत तर बरोबर दाखवत होतं. तर म्हणाले, "अरे रोज वापरतोस ना, मग झिजणारच. आणि झिजलं ते गेजला कसं कळणार, ते तर स्वतःलाच बरोबर समजतंय." म्हणून गेज ठरलेल्या मुदतीने मास्टरशी, म्हणजे पक्क्या मापाच्या नमुन्याशी, ताडून बघायला पाठवतात.

मी ते दिवाळी पाडव्याला करतो, व्यापारी नव्या वह्या काढतात तेव्हा मी जुनी काढतो. वही बायकोकडे देतो, कारण मास्टर पीस घरात तोच एक आहे. पहिल्या वर्षी तिने वही वाचली, काही बोलली नाही, पेन्सिल मागितली आणि खाली लिहिलं, "जेवताना मोबाईल ताटाच्या बाजूला नको." तो चौथा. एक सांगतो, तो आजवर सगळ्यात जास्त वेळा मोडलाय, मागचं पान फुल्यांनी भरलंय.

पाचवा अजून पक्का होत नाहीये, त्याचं कारण तो लातूरचा पोरगा. चार वर्षांपूर्वी पाडव्याला बायकोने वही परत देताना एवढंच विचारलं, ह्याला भेटलास का रे कधी? दोन महिने शोधला, चाकणला सापडला, स्वतःचा टेम्पो आहे आता, लग्न झालंय. टपरीवर उभं राहून त्याला सगळं सांगितलं, दहात दोन, सही, मीटिंग. तो ऐकत होता. मग म्हणाला, "सर, मला माहीत होतं. ऑफसेट मी सकाळीच टाकला होता, रीडिंग पण लिहून ठेवलं होतं." मी म्हटलं, मग बोलला का नाहीस तेव्हा? तर म्हणाला, "मला कुणी मीटिंगला बोलावलंच नव्हतं."

चहाचे पैसे त्याने देऊ दिले नाहीत. घरी आल्यावर पाचव्या ओळीत लिहिलं, ज्याच्याबद्दल बोलायचंय तो खोलीत नसेल तर मीटिंग सुरू करायची नाही. पेन्सिलनेच आहे अजून. शॉपवर पाळायला जमतंय, पण परवा घरी साडूचा विषय निघाला तर बायकोने नुसती वही आणून टेबलावर ठेवली.